उघड्या पाठीचा कोट

कॉम्प्युटर बगळ्याच्या दुसऱ्या पायाशी येऊन बंद पडला.

त्याला जोडलेलं भरतकामाचं यंत्र सवयीने आणखी दोन टाके घालून थांबलं. पडदा काळा झाला. निळ्या सर्ज कापडाच्या खिशावर एक पांढरा बगळा चोच, मान, पंख आणि एक पाय एवढ्या सामानानिशी उभा राहिला.

"आज तिसऱ्यांदा," सूनबाई म्हणाली. तिने काही आपटलं नाही. रागावली की ती वस्तू नेहमीपेक्षा हळू ठेवायची. आत्ता तिने कात्री अशी ठेवली, जणू टेबल झोपलेलं आहे.

मास्टरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि खिशाचा तो तुकडा उजेडात धरला. तुकडा किंचित थरथरला. त्यांनी कोपर गुडघ्यावर टेकवलं, मग तो स्थिर झाला.

"चालेल की. बगळा एका पायावरच उभा असतो."

"शाळेच्या चिन्हात दोन आहेत, बाबा."

"मुख्याध्यापक काय पाय मोजायला बसणार आहेत?"

"मुख्याध्यापिका आहेत. मागच्या वेळी त्यांनी सगळ्या ब्लेझरांची बटणं मोजली होती."

एकशेसाठ ब्लेझर शिवून, इस्त्री करून मागच्या दांडीवर टांगलेले होते. राहिला होता तो फक्त खिशावरचा बगळा. एका बगळ्याला अकरा मिनिटं लागत. अठ्ठेचाळीस झाले होते, आजचा वार मंगळवार होता आणि शनिवारी सकाळी शाळेची गाडी येणार होती. कॉम्प्युटर नीट चालला असता तर वेळ पुरून उरला असता. पण तो एकदा बंद पडला की वीस मिनिटं बटण दाबा नाहीतर डोकं आपटा, ढिम्म हलत नसे.

"थकला असेल," मास्टर म्हणाले. त्यांनी उठून कॉम्प्युटरच्या डब्यावरचा कोट सारखा केला, कोपऱ्यातली एक सुरकुती अंगठ्याने मोडली आणि दोन पावलं मागे होऊन पाहिलं. कोट अंगाबरोबर बसला होता. चिमटीत धरायला कापड सापडत नव्हतं.

होय, कॉम्प्युटरच्या अंगात कोट होता. त्याचं असं झालं.

मास्टरांचं दुकान एक्केचाळीस वर्षांचं. खाली दुकान, वर घर, मधे अकरा पायऱ्या. त्यातली चाळीस वर्षं त्यांनी कोट शिवले. गावात कोणी ताठ चालताना दिसला तर लोक म्हणत, मास्टरांचा कोट दिसतोय. मग हात कापायला लागले. डॉक्टर म्हणाले, वय. मास्टर म्हणाले, थंडी. गेल्या वर्षी त्यांनी बँकेतल्या एका साहेबांचा कोट शिवला, त्याची डावी बाही एक बोट पुढे फिरली. साहेब उभे असले, तरी त्यांचा डावा हात चालायला निघाल्यासारखा दिसे. साहेब सभ्य होते, काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी मात्र त्यांच्या अंगावर दुसऱ्याच कोणाचा तरी कोट दिसला.

तेव्हापासून कापणं, शिवणं, भरतकाम सगळं सूनबाईकडे गेलं. मास्टर रोज सकाळी टेप गळ्यात घालून खाली येत, स्टुलावर बसत, एखाददुसरं बटण लावत आणि मतं देत. मत द्यायला सुईत दोरा ओवावा लागत नाही.

मागच्या महिन्यात कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला. दुरुस्तीवाल्याने डबा उघडला आणि आतल्या पंख्याच्या खालून करड्या रंगाचं काहीतरी ओढून काढलं. दुकानातल्या सोळा वर्षांच्या कापडांचा भुसा त्या पातळ पत्र्यांमधे दाबून दाबून बसला होता. त्याचा चक्क घोंगडीसारखा जाड नमदा झाला होता.

"मास्टर, यात एक छोटी उशी होईल," दुरुस्तीवाला म्हणाला.

ती उशी मास्टरांना लागली. दुकानातली घाण आणि ती परक्या माणसाने दाखवावी? शिवाय हा कॉम्प्युटर गेला असता तर सगळंच गेलं असतं. भरतकामाचं यंत्र जुनं, त्याची वायर याच कॉम्प्युटरला लागे, आणि सूनबाईने सोळा वर्षं काढलेल्या नक्ष्या यातच होत्या.

"म्हणजे ह्याला धुळीपासून जपायचं," मास्टर म्हणाले.

"धुळीपासून आणि उष्णतेपासून," दुरुस्तीवाला म्हणाला.

"धूळ माझ्याकडं लागली," मास्टर म्हणाले. उष्णतेचं त्यांनी कोणाकडे लावलं नाही.

त्या रविवारी दुकान बंद असताना ते टेप घेऊन कॉम्प्युटरसमोर गुडघ्यावर बसले. मापांची जाड वही काढली. तिच्यात वर्षभर काही लिहिलेलं नव्हतं. नव्या पानावर त्यांनी लिहिलं: 'नाव: कॉम्प्युटर. उंची साडेसोळा. रुंदी साडेसात. खोली सतरा. खांदे सरळ. मान नाही.' मग थोडं थांबून लिहिलं, 'बाह्या नाहीत.' आणि खाली रेघ मारली. चाळीस वर्षांत असं गिऱ्हाईक त्यांच्या दुकानाची पायरी चढलं नव्हतं.

चार दिवस ते कोट शिवत होते. शिवताना शीळ वाजवायची त्यांची जुनी खोड होती. तिला चाल नव्हती, ती फक्त टाक्याबरोबर आत-बाहेर व्हायची. वर्षभराने ती जिन्यातून वर गेली तेव्हा मास्टरीणबाई लाटणं हातात घेऊन खाली आल्या.

"काय झालंय? कोणाचं लग्न ठरलंय?"

"कॉम्प्युटरचा कोट शिवतोय."

मास्टरीणबाईंनी कापड पाहिलं. ब्लेझरांतून उरलेली निळी सर्ज, आत चकचकीत सॅटिनचं अस्तर, आकार धरायला मधे कॅनव्हास, कडेने पांढरी पाइपिन, चालू-बंद बटणावर उघडता येईल अशी झडप आणि तिला एक सुबक काज. मागे वायरींपुरती चीर, तीही नाडीने बांधायची.

"मला आजवर असा कोट शिवला नाहीत."

"तुझे खांदे उतरते आहेत."

"तुमच्या घरात आल्यापासून उतरलेत," असं म्हणून त्या वर गेल्या.

डब्याच्या पुढे आणि मागे जाळ्या होत्या. मास्टरांच्या डोळ्यांना त्या फाटल्यासारख्या दिसत. त्यांनी त्या झाकल्या.

कोट पहिल्यांदा घातला त्या दिवशी सूनबाई म्हणाली होती, "बाबा, चालू असताना काढून ठेवू या का जरा?"

"धूळ कधी उडते?" मास्टरांनी विचारलं.

"काम चालू असताना."

"मग? रात्री कोट घालून झोपायचं आणि दिवसा धुळीत उघडं बसायचं? चोर येऊन गेल्यावर कुलूप लावण्यातला प्रकार झाला."

तर्क बिनतोड होता. सूनबाईने यंत्र चालू केलं. आणि कॉम्प्युटर पुन्हा बंद पडायला लागला.

बुधवारी मास्टरांच्या एक गोष्ट लक्षात आली. रोज एक वाजता ते जेवायला वर जात आणि साडेतीनपर्यंत पडत. पडल्या पडल्या फरशीतून त्यांना यंत्राचा आवाज ऐकू येई. अकरा मिनिटं टकटक, मग तुकडा बदलण्यापुरती शांतता, पुन्हा अकरा मिनिटं. अडीच तास एकदाही खंड नाही. ते खाली येऊन स्टुलावर बसले, की अर्ध्या तासात यंत्र थांबे.

"दुपारी बरा चालतो," ते चहा पिताना म्हणाले.

"तुम्हाला बघून बंद पडत असेल," मास्टरीणबाई म्हणाल्या. "माझंही तसंच होतं."

मास्टर हसले, पण बशीतला चहा थोडा सांडला. गमतीतही ते वाक्य त्यांना आवडलं नाही.

खाली आल्यावर त्यांचं लक्ष कोटाच्या मागच्या नाडीकडे गेलं. मास्टर गाठ मारताना डावा फास वर ठेवत. एक्केचाळीस वर्षं डावाच. आत्ता उजवा वर होता. माणूस सांगेल न सांगेल, गाठ खरं सांगते.

"कोट काढला होतास का गं?"

सूनबाई यंत्रात नवा तुकडा बसवत होती. तिने मान वर केली नाही. "हो. चहा सांडला थोडा. पुसायला काढला."

मास्टरांनी कोट उजेडात नेला. चहाचा डाग त्यांना सर्जवर शोधावा लागत नसे, तो आपणहून हाक मारी. डाग नव्हता. पण डाग शोधता शोधता त्यांना दुसरंच काहीतरी सापडलं. उजव्या कडेची शिवण तीन इंच नीट येऊन पुढे अर्ध्या दोऱ्याएवढी आत सरकली होती. पुन्हा बाहेर आली होती, पुन्हा आत. पाण्यावर रेघ ओढावी तशी.

ते स्टुलावर बसले. म्हणजे असं होतं तर. ते वर गेले की सूनबाई कोट काढून ठेवत होती, कारण दुपारी गिऱ्हाईकं येत आणि अशी शिवण चारचौघांत दिसणं दुकानाला शोभणारं नव्हतं. आपण खाली आलो की वाईट वाटू नये म्हणून परत घालत होती. पोरगी चांगली होती. तेच जास्त लागत होतं.

"डाग निघाला?" सूनबाईने विचारलं.

"निघाला," मास्टर म्हणाले.

गुरुवारी दुकान उघडायच्या आत ते खाली आले. त्यांनी दोन्ही कडा उसवल्या, खडूने रेघ मारून नव्याने टीप घातली, आणि यावेळी सुरकुतीला वावच नको म्हणून दोन्ही बाजूंना कॅनव्हासचा आणखी एक थर दिला. टीप पहिल्यापेक्षा बरी आली. कोट आता चढवायलाच दोन मिनिटं लागली. कॉम्प्युटर त्यात भर उन्हाळ्यात पूर्ण गणवेश चढवलेल्या सैन्यातल्या अधिकाऱ्यासारखा बसला.

दहा वाजता काम सुरू झालं. पहिला बगळा पुरा झाला. दुसऱ्याच्या मानेशी कॉम्प्युटर बंद पडला. पायापर्यंत पोचलासुद्धा नाही.

सूनबाईने अतिशय हळू फोन उचलला आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

दुरुस्तीवाला बांबूसारखा उंच होता आणि तयार शर्ट घालत असे. त्याच्या बाह्या मनगटाच्या दोन बोटं अलीकडे संपत. मास्टरांचं त्याच्याबद्दल फारसं चांगलं मत नव्हतं. ज्याला स्वतःचं मनगट झाकत नाही, तो दुसऱ्याच्या यंत्राचं काय भलं करणार, असं ते म्हणत. अकरा वाजता त्याची गाडी दाराशी थांबली. मास्टरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवली, तेवढ्या वेळात सूनबाईने कॉम्प्युटरच्या अंगातला कोट ओढून काढला आणि खिसे लावायला टेबलावर काढलेल्या ब्लेझरांच्या ढिगात खुपसला. वरून चौथा. मास्टरांनी ते पाहिलं. मास्टरांनी पाहिलेलं तिने पाहिलं.

दुरुस्तीवाल्याने आधी डब्याच्या पत्र्याला हात लावला. मग स्क्रू काढून बाजूचं झाकण उघडलं आणि छोट्या विजेरीने आत पाहिलं.

"अरे वा. आत लख्ख आहे. एक धागा नाही."

मास्टर स्टुलावर जरा ताठ झाले.

"पण तापलाय तव्यासारखा." त्याने बोट लावून पटकन मागे घेतलं. "पंखा तर बोटानं मोकळा फिरतोय. पंख्याखालचं मलम मी मागच्याच महिन्यात नवं लावलंय. इस्त्री इथं जवळ असते का वहिनी?"

"नाही, ती पार खिडकीपाशी."

"ह्याच्यावर काही झाकता?"

"नाही," सूनबाई म्हणाली.

"टॉवेल, चादर, काहीच नाही?"

"काहीच नाही."

ती खोटं बोलत होती आणि तिला ते जमत नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मास्टर तिच्याकडे बघत राहिले. गिऱ्हाईकांपुढे लाज वाटत होती, हे समजण्यासारखं होतं. पण दुरुस्तीवाल्याला शिवणीतलं काय कळतं? त्याच्यापासून लपवण्यासारखं त्या कोटात काय होतं?

"मग हा गुदमरतो कशानं?" दुरुस्तीवाला स्वतःशीच म्हणाला.

"गुदमरतो म्हणजे?" मास्टरांनी विचारलं.

"दाखवतो. या इकडं." त्याने झाकण लावून कॉम्प्युटर चालू केला. "मागं हात धरा. जाळीपाशी."

मास्टरांनी हात धरला. आधी काही लागलं नाही. मग तळव्यावर ऊब आली. मंद, सारखी, झोपलेल्या माणसाच्या नाकापाशी हात नेल्यावर यावी तशी.

"पुढच्या जाळीतनं थंड हवा घेतो, आतलं गरम होतं ते मागनं सोडतो. सोडायला वाट नसेल, तर तीच गरम हवा परत आत. तापत तापत ठरलेल्या आकड्याच्या पुढं गेलं की जळायच्या आधी स्वतःच बंद होतो. शहाणा आहे. माणसाला एवढं कळत नाही."

मास्टरांनी हात काढला नाही.

वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांच्या हातात टेप देताना त्यांच्या गुरूंनी पहिली गोष्ट सांगितली होती, ती कात्रीबद्दल नव्हती, कापडाबद्दल नव्हती. छातीचं माप घेताना माणसाला म्हण, श्वास भरून घ्या. रिकाम्या छातीचं माप घेऊन शिवलेला कोट पुतळ्याला होईल, माणसाला होणार नाही. तेव्हापासून हजारो माणसांना मास्टर 'श्वास घ्या' म्हणाले होते. लहान मुलांना म्हणाले होते. एका गिऱ्हाईकाने तर सांगितलं होतं, की डॉक्टरांनंतर हे वाक्य मी तुमच्याच तोंडून ऐकतो.

आणि या गिऱ्हाईकाचं माप त्यांनी रविवारी घेतलं होतं. बंद असताना. त्यांनी शिवला होता कोट आणि निघालं होतं कफन. तेही आज सकाळी आणखी घट्ट करून दिलेलं.

सूनबाई खाली फरशीकडे बघत होती. तिला पहिल्यापासून कळलं होतं. दुपारचे अडीच तास, उजवा फास, न सांडलेला चहा, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. शिवणीचा तिथे कुठे संबंधच नव्हता.

मास्टर गप्प बसले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. दुरुस्तीवाला डोकं खाजवत गेला असता. सूनबाईने कोट 'धुवायला' टाकला असता आणि तो कधीच वाळला नसता. चार दिवसांनी कोणी कोटाचं नावही काढलं नसतं. तिने सगळी तयारी करून ठेवली होती, त्यांना फक्त स्टुलावर बसून राहायचं होतं.

"झाकतो," मास्टर म्हणाले. "मी झाकतो."

ते उठले आणि ढिगातून वरून चौथा नग ओढून काढला.

दुरुस्तीवाल्याने कोट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं, पण पाइपिनपाशी येऊन ते थांबलं. त्याने काजावरून अंगठा फिरवला.

"हे कुठून विकत आणलंत?"

"विकत?" मास्टर म्हणाले. अपमान झाला की सन्मान, ते त्यांना लगेच ठरवता येईना.

"तुम्ही शिवलंत? मास्टर, ह्यात पाणी भरलं तरी गळायचं नाही. मग हवा कुठनं जाईल?" त्याने आत हात घातला. "आणि सॅटिन कशाला? कोरड्या दिवसांत स्वेटर काढताना चटचट होतं ना, तसली वीज जमते ह्याच्यावर. आतल्या नाजूक भागाला तेवढीही पुरते. म्हणून तर मी आधी पत्र्याला हात लावतो. जाऊ दे. फेकून द्या हे."

"फेकायचं नाही," मास्टर म्हणाले. त्यांनी गळ्यातली टेप काढली, खडू घेतला, वही उघडली. "माप सांग."

"कसलं?"

"उघडं किती ठेवायचं, कुठं ठेवायचं. ह्याला भोकं पाहिजेत ना? मग कापडात पाडतो. गिऱ्हाईक बदलता येत नाही, कोट बदलता येतो."

दुरुस्तीवाल्याने सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईने मान हलवली. सांगा.

"पुढं पातळ जाळी चालेल," तो म्हणाला. "हवा आत येताना भुसा त्या जाळीवरच अडकेल, ते उलट बरंच. पण दर आठवड्याला धुवायची."

"शनिवारी," मास्टर लिहीत म्हणाले.

"डबा जमिनीवर नको, स्टुलावर ठेवा. भुसा खालीच साठतो. भिंतीपासून वीतभर लांब. आणि अस्तर सुती."

"मागं?"

"मागं काही नाही."

"काही नाही म्हणजे किती?"

"सगळं उघडं."

"सगळं?"

"उघड्या पाठीचा?" जिन्यातून आवाज आला. मास्टरीणबाई चहा घेऊन चौथ्या पायरीवर उभ्या होत्या. त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. "चाळीस वर्षं बायका उघड्या पाठीचा झगा मागायला आल्या, आणि तुम्ही दारातून परत पाठवल्या. काय म्हणायचात? पाठ झाकायला शिंपी लागतो, उघडी टाकायला कात्री पुरते."

"ते माणसांबद्दल होतं."

"माणसांना गरम होत नाही वाटतं," मास्टरीणबाई म्हणाल्या आणि चहा ठेवून वर गेल्या. जाताना त्या हसत होत्या हे पाठीवरून कळत होतं.

दुरुस्तीवाला चहा पिऊन निघाला. दारात मास्टरांनी त्याला थांबवलं. "पुढच्या आठवड्यात ये. तुझ्या बाह्यांना काहीतरी करू." मग पुढे म्हणाले, "म्हणजे, सूनबाई करेल."

कॉम्प्युटर दिवसभर उघडा चालला. सत्त्याहत्तर बगळे राहिले होते. सूनबाई तुकडा बसवी, अकरा मिनिटं वाट बघे, तुकडा काढी. मास्टर खिडकीपाशी बसून कोट उसवत होते. सॅटिन काढलं. कॅनव्हासचे थर काढले. मागची पाठ अख्खी कापून काढली, तेव्हा कात्री कापडावर ठेवून ते क्षणभर थांबले, पण कापली.

यंत्रावर आणखी एक बगळा पुरा झाला.

"तुला कधी कळलं?" मास्टरांनी विचारलं.

"पहिल्या दिवशी. हात लावला तर वरून भाजत होतं."

"मग सांगायचं."

सूनबाईने बगळ्याचा एक सुटा धागा कापला. "तुम्ही शीळ वाजवत होतात, बाबा. शिवताना."

मास्टरांनी सुई उजेडात धरली. दोरा पुढे नेला. दोरा नेढ्याच्या डावीकडून गेला, मग उजवीकडून. त्यांनी तो ओठांत धरून ओला केला आणि परत नेला. आजवर त्यांनी कोणाच्या हातात आपली सुई दिली नव्हती. काम शिकायला आलेल्या पोरांनाही ते म्हणत, दोरा ओवता येत नाही त्याने टाका घालू नये.

"जरा ओवून दे," ते म्हणाले.

ती उठून आली, तिने दोरा ओवला, सुई त्यांच्या हातात दिली आणि परत यंत्रापाशी गेली. पाच-सात टाके झाल्यावर तिच्या कानावर शीळ आली. तिला चाल नव्हतीच. तिने मागे वळून पाहिलं नाही.

शुक्रवारी दुपारी मास्टर झोपायला वर गेले नाहीत. कोट तयार होता. पुढे मच्छरदाणीची पातळ जाळी, आत जुन्या धुवट मलमलीचं अस्तर, मागे सगळं मोकळं आणि त्या मोकळ्या कडेला हाताने घातलेली तुरपाई. तुरपाईत मधेच दोन ठिकाणी टाका अर्धा दोरा सरकला होता. त्यांनी तो पाहिला होता. उसवला नव्हता.

"चालू असतानाच ट्रायल घेऊ," ते म्हणाले.

कॉम्प्युटर स्टुलावर होता, भिंतीपासून वीतभर लांब. मास्टरांनी कोट चढवला. यावेळी दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं सैल होता. मग त्यांनी टेप काढून पुन्हा माप घेतलं आणि जाळीमागे हात धरला. ऊब आली. ती सारखी येत होती.

त्यांनी मापांच्या वहीत जुन्या ओळींखाली लिहिलं: 'श्वास भरून माप घेतले. पाठ उघडी.'

अर्धा तास झाला. तास झाला. ते समोर बसलेले होते आणि यंत्र थांबलं नाही. जिन्यातून मास्टरीणबाईंनी डोकावून पाहिलं. "तुम्ही असूनही चालतोय?" त्या म्हणाल्या आणि जाऊन झोपल्या.

एकशेसाठावा तुकडा लावून सूनबाई पाय मोकळे करायला उठली. कोटाची पाठ बघायला मागे गेली आणि तिने सवयीने कात्री उचलली. मागच्या वरच्या कडेतून पांढऱ्या दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं, चांगलं बोटभर.

"बाबा, धागा राहिलाय."

"राहिला नाही, ठेवलाय."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. या दुकानात लोंबता धागा म्हणजे काय, हे तिला सोळा वर्षं ऐकवलं गेलं होतं.

"सारखा हात धरून कोण बसणार," मास्टर म्हणाले. "तो हलतोय तोवर आत सगळं ठीक आहे असं समजायचं. थांबला की बघायचं."

सूनबाईने कात्री ठेवली. यंत्रावर बगळ्याचे पंख झाले, पहिला पाय झाला, सुई किंचित सरकली आणि दुसऱ्या पायाला लागली. मास्टरांनी टेप गळ्यात घातली, हात मांडीवर ठेवले आणि धाग्याकडे बघत बसले.

धागा थरथरत होता. काम नीट चालू होतं.